इमॅटिनिबची यादी कुठे फसते?

प्रश्न : इमॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध कोणकोणत्या प्रथिनांवर काम करतं हे पाहायला मी केंबल या औषधी रेणूंच्या प्रयोगांच्या डेटाबेसमधल्या त्याच्या सगळ्या नोंदी उतरवल्या आणि जनुकांची यादी पेशीतल्या प्रक्रियांचे मार्ग नोंदणाऱ्या रिअ‍ॅक्टोमला दिली. कर्करोगाशी संबंधित जवळजवळ प्रत्येक मार्ग 'सिग्निफिकंट' (योगायोगापलीकडचा) आला. हे खरं मानायचं का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाही. केंबलमध्ये 'तपासलं, पण परिणाम दिसला नाही' अशाही नोंदी असतात आणि त्या तुमच्या यादीत शिरल्या आहेत. आधी गाळणी लावा : टार्गेट (ज्यावर औषध तपासलं ते) 'सिंगल प्रोटीन', माणसाचं, कॉन्फिडन्स स्कोअर (टार्गेट नेमकं तेच असल्याची खात्री) ९, रिलेशन '=' म्हणजे नेमका आकडा मिळालेला. के-५६२ सारख्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या अख्ख्या पेशींवरचे प्रयोग इथेच गळतात. औषध आणि त्याचं मेसिलेट (क्षाररूप) यांचे क्रमांक वेगळे असतात, दोन्ही घ्या.

एबीएल१ या इमॅटिनिबच्या मुख्य टार्गेटच्या नोंदी मात्र डोळ्यांखालून घालाच. टी३१५आय हे उत्परिवर्तन असलं की इमॅटिनिब जवळपास निकामी ठरतं, आणि त्या नोंदीही एबीएल१च्याच नावाखाली सापडतात. व्हेरियंटचा (उत्परिवर्तनाचा) रकाना न बघता सरासरी काढली की आकडा बिघडलाच. म्हणून व्हेरियंट वेगळे काढा आणि उरलेल्यांचा मध्यक घ्या.

आता रेष कुठे ओढायची? पीकेंबल हा केंबलमधला औषधाच्या ताकदीचा आकडा; तो जितका मोठा तितकी कमी मात्रा पुरते. पीकेंबल ६ म्हणजे १ मायक्रोमोलर, ७ म्हणजे ०.१. रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात पुढच्या गोळीआधी साधारण १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर औषध असतं. रेणुभार ४९३.६, म्हणजे सुमारे २ मायक्रोमोलर. त्यातलं ९५ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं, मोकळं उरतं ०.१ मायक्रोमोलर. म्हणून ७च्या खालचं टार्गेट मी धरणार नाही. या रेषेवर किट आणि डीडीआर१ ही किनेजं (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी, पेशीत संदेश पोचवणारी प्रथिनं) टिकतात, आणि किनेज नसलेलं एनक्यूओ२सुद्धा. ते किनेज नाही म्हणून काढून टाकू नका.

खरी चूक पुढे होते. इमॅटिनिब तपासलं गेलं ते मुख्यतः किनेजांवर. तुलना मात्र तुम्ही सगळ्या जनुकांशी केलीत. मग सिग्नलिंगचे मार्ग वर येणारच! जी:प्रोफायलर या अशाच साधनात स्वतःची पार्श्वभूमी, म्हणजे तुलनेची यादी, देता येते. तिथे इमॅटिनिबवर तपासलेली सगळी मानवी प्रथिनं द्या, आणि या यादीसाठी रिलेशन '>' ('याहून जास्त मात्रा लागते') असलेल्या नोंदी परत घ्या. निकामी ठरलेली प्रथिनं त्यांच्यातच असतात.

एवढं केल्यावर बहुधा एकाही मार्गाची पी-व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५च्या आत उरणार नाही. हाताशी मोजकीच जनुकं असताना पी-व्हॅल्यूच्या मागे लागू नका. केग या मार्गांच्या नकाशांच्या डेटाबेसमधला एचएसए०५२२० हा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा नकाशा उघडा आणि बीसीआर-एबीएल या, हा कर्करोग घडवणाऱ्या जोड-प्रथिनापासून एकेक बाण स्वतः वाचत जा.