दारातला फणस तोडू काय?

प्रश्न: सर नमस्कार, आमचं गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, जंगलातच म्हणा की. रेंज नाही, फायबर अजून आलेला नाही, म्हणून काजूच्या कारखान्यासाठी दोन वर्षांमागं सॅटेलाइटची डिश बसवून घेतली. मेल जातोय, व्हिडिओपण दिसतोय, खरं पुण्याच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला की दोघं एकदमच बोलतोय आणि मग दोघंपण गप्प. आता एकजण घरी येऊन स्टारलिंकच्या, म्हणजे त्या नव्या सॅटेलाइट इंटरनेटच्या, बुकिंगचे पाच हजार मागायलाय आणि म्हणतोय दारातला फणस तोडायला लागणार. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे त्याला पैसे देऊ नका. 2025 च्या जूनमध्ये स्टारलिंकला दूरसंचार खात्याचं लायसन मिळालं, जुलैत इन-स्पेसची (खासगी अंतराळ कंपन्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) परवानगीपण आली, म्हणून काय दारात आलेल्या माणसाच्या हातात रोख ठेवायची?

आता कॉलचं. तुमच्या डिशचा सॅटेलाइट जवळजवळ 36,000 किलोमीटर वर आहे, तुमचं बोलणं तिथं चढणार, खाली उतरणार, मुलीचं उत्तर परत त्याच वाटेनं येणार, म्हणजे झाले दीड लाख किलोमीटरच्या आसपास, आणि उजेडाच्या वेगानं गेलं तरी अर्धा सेकंद त्यातच जातोय. कंपनीला कितीही शिव्या घाला, प्लॅन महागातला घ्या, हा अर्धा सेकंद काय कमी होत नाही. स्टारलिंकचे सॅटेलाइट 550 किलोमीटरच्या आसपास फिरतात, वनवेब म्हणून तशीच दुसरी कंपनी आहे तिचे 1,200 वर, त्यामुळं तिथं ही अडचण जवळजवळ जाते.

खरं फणसाची गंमत इथंच आहे बघा. जुना सॅटेलाइट एकाच जागी दिसतोय, टीव्हीच्या डिशसारखं, झाडांत तेवढी एक फट मिळाली की काम झालं. हे खालून फिरणारे मात्र पळत असतात, एक गेला की डिश दुसरा पकडते, त्यामुळं आभाळ बरंच मोकळं लागतंय, नाहीतर कॉल मधेच तुटणार. म्हणजे तो माणूस फणसाबद्दल अगदीच खोटं बोलत नाही. आणि आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस दोन्ही डिशच्या सिग्नलला सोडत नाही.

घाई नको म्हणायचं कारण दुसरंच. वनवेबमध्ये एअरटेलवाल्या भारतीचा वाटा आहे, जिओची एसईएस या परदेशी सॅटेलाइट कंपनीबरोबर भागीदारी आहे, अॅमेझॉनपण या धंद्यात उतरलंय, आणि गंमत म्हणजे आधी स्पेक्ट्रमच्या (सिग्नलच्या लहरींच्या) लिलावावरून स्टारलिंकच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या एअरटेल-जिओनं मार्च 2025 मध्ये एका दिवसाच्या अंतरानं स्टारलिंकशीच करार केले! एवढे जण गिऱ्हाईक धरायला लागल्यावर डिशचा दर आजचाच राहील असं मला तरी वाटत नाही. मेल आणि बिलं जुन्या डिशवर चालू देत.

फणस ठेवा. स्टारलिंकच्या अॅपमध्ये मोबाईलचा कॅमेरा आभाळाकडं फिरवला की झाड कुठं आडवं येतंय ते दिसतंय, बाजाराला खानापूरला गेलात की ते डाऊनलोड करून घ्या आणि कारखान्याच्या पत्र्यावर चढून बघा, अंगणापेक्षा तिथं आभाळ जास्त मिळेल.