आईच्या आजारपणाचा खर्च भावाने करायचा की लग्न झालेल्या बहिणींनीही?

दोघांनीही. कमावत्या मुलीवर, मग तिचं लग्न झालेलं का असेना, आई-वडिलांना पोसायची जबाबदारी आहे हे सुप्रीम कोर्टाने 1987 मध्येच सांगितलंय. मी स्वतः बहीण आहे, तरी हेच म्हणते.

पण तुम्ही लिहिलंय, 'आईच्या नावावर एक प्लॉट आहे, तो मोडायचा नाही असं ठरलंय.' कोणी ठरवलं? आईने?

माझी आई नागपुरात मानेवाड्याच्या घरी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचे पैसे दादाने पुण्याहून त्याच दिवशी पाठवले, ते मी कधीच नाकारलं नाही. पण आई त्यानंतर अडीच वर्षं अंथरुणाला होती. दिवसाची बाई, रात्रीची बाई, दोघींचे मिळून महिन्याला 24 हजार. डायपर, एअर बेड, ड्रेसिंग वेगळं. बाबांची फॅमिली पेन्शन यायची 11 हजार. रात्रीची बाई आली नाही की मी जागायची आणि सकाळी शाळेत जायची. पुढे बिनपगारी रजा घेतली.

मे महिन्यात कूलरच्या दमट हवेने आईच्या पाठीची जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले एसी लावा. बाबांचा तिथेच जवळ बेशाला प्लॉट होता, आरएल झालेला, म्हणजे रीतसर नियमित केलेला. तो विकू म्हटलं तर दादा म्हणाला, "भाव चढून राहिला तिकडे, आता विकणं मूर्खपणा आहे. अन् बाबांची आठवण आहे ती." वारस आम्ही तिघं, त्याच्या सहीशिवाय विकता येईना. आईने ऐकलं सगळं. मला म्हणाली, "माह्याच नवऱ्याचा प्लॉट, न मले एसी नाही भेटत का वं?" एसी मी हप्त्यावर घेतला. आई गेल्यावर चार महिन्यांत तोच प्लॉट विकला, दादा सहीला स्वतः आला.

म्हणून सांगते, आधी म्हाताऱ्या माणसाचा पैसा म्हाताऱ्या माणसावर खर्च करा. तुमचा प्लॉट आईच्या एकटीच्या नावावर असेल तर तिची एकटीची सही पुरते. उरलं तर वाटून घ्या. कमी पडलं तर कमाईच्या प्रमाणात सगळ्यांनी द्या, आणि जो रात्री उठतो त्याच्याकडून रोख मागू नका.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली आईला मुलांकडून निर्वाह खर्च मिळावा म्हणून उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पण तिथे महिन्याला जास्तीत जास्त 10 हजारच मिळू शकतात. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, मात्र ते भरती झाल्यावर कामाचं, घरच्या बाईला नाही. आणि आईने प्लॉट कोणाला बक्षीस द्यायचा ठरवलाच, तर 'माझा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही तर ते रद्द करून मागता येतं.

आईचं डोकं शाबूत नसेल तर सहीचं प्रकरण वेगळं, वकिलाला विचारा. शाबूत असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून विचारा, प्लॉटचं तिला काय करायचं आहे.