जाळं, राबता आणि भेटीगाठी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांच्या एका गटाकडून आलेला हा प्रश्न. त्यांना मेळाव्याची पत्रिका छापायची आहे. 'नेटवर्किंग मीट'ला कुणीतरी 'संपर्कजाळे मेळावा' असा शब्द सुचवला. तो वाचताना खटकतो, पण का खटकतो ते सांगता येईना. रस्त्यांचं जाळं, रेल्वेचं जाळं आपण सहज म्हणतो, मग ओळखीपाळखीचं जाळं का नको? आणि ते नको तर काय?

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच आहे. रस्ते, वीजवाहिन्या, नळ यांच्याबद्दल बोलताना 'जाळं' म्हणजे फक्त आडव्याउभ्या रेषा आणि त्यांच्या गाठी. त्यामागे कुणाचा हेतू नसतो. माणसं आली की हेतू आला. मग जाळं कुणीतरी टाकतं, पसरतं, आणि दुसरं कुणीतरी त्यात सापडतं. बातम्यांत टोळीचं जाळं उघडकीस येतं. मोहजाल, मायाजाल, इंद्रजाल हे शब्दही त्याच घरातले. निमंत्रणपत्रिकेवर हा शब्द दिसला की येणाऱ्याला आपल्यासाठी काहीतरी मांडून ठेवल्यासारखं वाटतं. संस्कृत वळणाचा 'जाल' संगणकाच्या क्षेत्रात मात्र निभावून गेला. महाजाल आणि आंतरजाल हे दोन्ही शब्द चांगले रुळलेत.

यंत्रणांसाठी जाळ्याशिवाय 'साखळी'ही आहे, पण दोन्हींची अदलाबदल करू नये. साखळीत एक कडी निखळली की पुढचं सगळं थांबतं, जाळ्यात एक धागा तुटला तरी दुसरी वाट उरते. लासलगावचा कांदा शेतातून बाजार समितीत, तिथून व्यापाऱ्याकडे आणि पुढे परगावच्या दुकानात जातो, ती साखळी. शहरातल्या रस्त्यांचं जाळं. 'यंत्रणा' तिसरीच, तिच्यात माणसं, अधिकार आणि नियमही येतात. मोबाइलच्या बाबतीत तर लोकांनी निकाल केव्हाच लावलाय. पेठ-सुरगाण्याच्या घाटात 'जाळं नाही' असं कुणी म्हणत नाही, 'रेंज नाही' म्हणतात. ते तसंच राहू द्यावं.

पाटपाण्याचं उदाहरण मला फार आवडतं. धरणातून कालवा, कालव्यातून वितरिका, मग चारी, पोटचारी, शेतचारी. अख्ख्या व्यवस्थेला शेतकरी क्वचितच एक नाव देतो, त्याला आपली चारी कधी सुटणार एवढ्याशी काम. पण आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात आणि तिथून धुळ्याकडे, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर काही शतकं चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एका हंगामाला शक्यतो एकच पीक, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. म्हणजे फड ही जमिनीची वाटणीही आहे आणि माणसांनी एकमेकांशी ठरवून वागण्याची रीतही. आता याच शब्दाचा दुसरा वापर बघा. गप्पांचा फड रंगतो, कुस्तीचा फड असतो, तमाशाचा फड असतो. पाण्याची वाटणी आणि माणसांचं जमणं या दोन्ही गोष्टी या दोन अक्षरांत मावल्यात. पत्रिकेवर हा शब्द घाला असं मी म्हणणार नाही, तमाशाचा अर्थ आधी डोळ्यांसमोर येईल. पण शब्दसंग्रहात तो जपून ठेवण्यासारखा आहे.

'राबता'ची कथा अशीच. अरबीत 'राबिता' म्हणजे दुवा, बांधून ठेवणारी गोष्ट. उर्दूत राब्ता अजून 'संपर्क' याच अर्थाने आहे. मराठीत आल्यावर त्याला पाय फुटले. 'त्यांच्याकडे कार्यकर्त्यांचा राबता असतो' म्हणताना आपल्याला दिसतात ती सतत आत येणारी आणि बाहेर जाणारी माणसं. माणसांच्या संबंधांबद्दल बोलताना मराठी बहुतेक वेळा असंच करते, आकृती सोडून हालचालीला नाव देते. ऊठबस, येणंजाणं, बोलणंचालणं, घसट, सगळे क्रियापदांतून आलेले. 'दळणवळण'सुद्धा आज रस्ते-रेल्वेच्या खात्याचा शब्द वाटतो, पूर्वी दोन घरांमधल्या व्यवहाराला आणि जाण्यायेण्यालाही तोच वापरत. 'घरोबा' तेवढा स्थिर शब्द, आणि तो व्हायला वर्षं जातात.

याच कुळातले काही शब्द नासलेत, ते टाळा. लागेबांधे, संधान, वशिला. वशिलाही मूळचा अरबी, अर्थ नुसतं साधन, आता त्याला लायकी नसताना मिळालेल्या कामाचा वास येतो. साटंलोटं हे तर दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेण्याचं नाव. आज कंत्राटाच्या बातमीतच भेटतं.

उलट 'लोकसंग्रह' अजून स्वच्छ आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तो समाज एकत्र धरून ठेवण्यासाठी येतो, मराठीत पुष्कळ माणसं जोडलेली असणं एवढाच अर्थ उरला. पण तो दुसऱ्याबद्दल म्हणायचा असतो. 'माझा लोकसंग्रह दांडगा' असं स्वतःच म्हटलं की शोभत नाही, त्यामुळे पत्रिकेला तो उपयोगाचा नाही.

'नेटवर्किंग करणं' या क्रियेला मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'ओळख काढणं'. दोन अनोळखी माणसं भेटतात, एकजण विचारतो, 'कुठले तुम्ही? निफाडचे? मग पिंपळगावला कोण तुमचं?' आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ओळख निघते. क्रियापद बघा, ओळख 'करत' नाहीत, 'काढतात'. जणू ती आधीपासून होतीच, फक्त सापडायची राहिली होती. धंद्यातल्या माणसाला यापेक्षा प्रामाणिक शब्द मिळायचा नाही. ओळखी वाढवणं, माणसं जोडणं हेही चालतील.

आता पत्रिका. 'परिचय मेळावा' लिहू नका, लोक वधू-वरांची यादी मागतील. 'स्नेहमेळावा' शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपलासा केलाय, तुमच्या कामाचा भाग त्यात येत नाही. माझी पसंती 'भेटीगाठी'ला. जाळं ज्याच्यामुळे जाळं होतं ती गाठ या शब्दात आहे, पण ती कुणाला पकडण्याची नाही, 'गाठ पडली' मधली आहे. 'उद्योजकांच्या भेटीगाठी' असा मोठ्या अक्षरांत मथळा घ्या, खाली 'अंबड-सातपूर परिसरातील लघुउद्योजकांसाठी' अशी ओळ द्या. कार्यक्रमपत्रिकेत ज्या तासाला 'नेटवर्किंग सेशन' लिहिलं असेल तिथे 'चहा आणि ओळखी' पुरे.