पहिल्या अकरा पानांविषयी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. मंगळावरच्या वसाहतीची कल्पना मनापासून आवडली, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिली अकरा पानं तू वसाहत कशी उभी राहिली, हवा कुठून येते, कारभार कोण बघतं हे सांगण्यात घालवलीस. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे अकरा मिनिटं झाली तरी कुणाला काही हवंय, कुणाचं काही अडलंय, असं प्रेक्षकाला दिसलेलंच नाही. ती माहिती फेकू नकोस, तुझ्या वहीत ती हवीच. पण पडद्यावर तिच्यातलं तेवढंच येऊ दे, जे कुणाच्या तरी वाटेत आडवं येतं.

तुझ्या बाराव्या पानावर मुलगी मंगळावरून आईशी व्हिडिओ कॉलवर भांडते. दोघी एकमेकींची वाक्यं तोडतात. संवाद छान उतरलेत, पण हा प्रसंग घडूच शकत नाही. पृथ्वी आणि मंगळ अगदी जवळ येतात तेव्हाही त्यांच्यात साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास अंतर असतं, आणि लांब जातात तेव्हा ४० कोटी. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी एका बाजूला ३ ते २२ मिनिटं लागतात. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर यायला पाऊण तास लागू शकतो. चूक झाली याचं मला काही वाटलं नाही. हातात आलेलं नाट्य निसटलं, याचं वाटलं.

कारण आता बघ. आई रागाच्या भरात एक वाक्य बोलते आणि पाठवून देते. तीन मिनिटांनी तिला पश्चात्ताप होतो. ती दुसरा संदेश पाठवते, 'आधीचा ऐकू नकोस.' दोन्ही संदेश एकाच वेगाने धावताहेत, त्यामुळे पहिला तीन मिनिटं आधी पोहोचणारच. जगातलं कुठलंही यंत्र त्याला गाठू शकत नाही. कॅमेरा आईवर ठेव. ती घड्याळ बघते, उगाच खोली आवरते, पुन्हा घड्याळ बघते. एकही संवाद नको. कादंबरीत तिच्या मनात शिरून दोन परिच्छेद लिहिता आले असते. पटकथेत दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं असतं, आणि इथे विज्ञानानेच तुला दिसण्याजोगं काहीतरी दिलं आहे.

माझ्या सुरुवातीच्या पटकथांत एक शास्त्रज्ञ असायचा आणि तो दुसऱ्या शास्त्रज्ञाला दोघांनाही ठाऊक असलेलं सगळं समजावून सांगायचा. ती सवय जायला मला फार वर्षं लागली. तुझी लवकर जावी.

दुसरी गोष्ट, तुझ्या कथेत मंगळ आहे, मन वाचणारं यंत्र आहे आणि शेवटी भूतकाळातही जाता येतं. प्रेक्षक एक अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतो. पण शेवटच्या दहा पानांत दुसरी आणून नायकाला वाचवलंस, तर फसवल्यासारखं वाटतं. मंगळ ठेव, बाकीचं काढ. मालिका लिहायची झाली तर आणखी एक कसोटी लाव: तुझ्या एका नियमातून दर भागात नवी अडचण निघते का?

खर्चाला मात्र घाबरू नकोस. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'मध्ये दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून माणसं एका जागी विरून दुसरीकडे प्रकटतात ही युक्ती निघाली. पुढे तीच त्या मालिकेची ओळख झाली. १९६२ सालचा 'ला जते' हा फ्रेंच लघुपट कालप्रवासाचा आहे, आणि जवळजवळ अख्खा स्थिर छायाचित्रांतून सांगितला आहे. तो बघच. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना काळ कसा सरकतो, याकडे लक्ष ठेव.

तुझ्या वादळाचंही तेच. मनोरे उन्मळवणारं ते वादळ चित्रित करायला भारी महाग आहे आणि खोटंही. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तिथला वारा मनोरे पाडत नाही. तो धूळ उडवतो आणि सूर्य झाकतो. २०१८च्या जूनमध्ये ग्रहभर पसरलेल्या अशाच धुळीत सौरऊर्जेवर चालणारी 'ऑपॉर्च्युनिटी' ही मंगळावर फिरणारी नासाची मानवरहित बग्गी गप्प झाली, ती पुन्हा बोललीच नाही. तुझ्या वसाहतीतली वीज अशी रोज थोडी थोडी कमी होऊ दे. कुठल्या खोलीतला दिवा बंद करायचा, हे कुणाला तरी ठरवावं लागेल. त्याला लागतात चार माणसं, एक खोली आणि विझत जाणारे दिवे. आणि संदेश पाठवायलाही वीज लागते, हे विसरू नकोस.

तेव्हा पहिली अकरा पानं बाजूला ठेव आणि आईच्या खोलीपासून सुरुवात कर. नवा खर्डा झाला की लगेच पाठव. मुलीकडून काय उत्तर येतं, ते मला अजून कळलेलं नाही.