पॉइंट्स दिसत नाहीत म्हणून डिफेन्समनचा फॉरवर्ड करू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा पंधरा वर्षांचा, आइस हॉकीत ट्रिपल-ए या मुलांच्या वरच्या गटात डिफेन्स (बचाव) खेळतो, पॉइंट्स म्हणजे गोल आणि असिस्ट (गोलला दिलेला पास) फारसे नाहीत, कोच म्हणतो 'फॉरवर्ड (आक्रमक) करून बघू'. ओएचएल या मुख्यतः ओंटारिओतल्या ज्युनिअर लीगचा ड्राफ्ट (संघांनी मुलं निवडणं) तोंडावर आहे आणि एका संघाने आताच विचारलंय, 'निवडलं तर येणार ना, की कॉलेजला जाणार?' हे सगळं आमच्या घराने अनुभवलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही, एजंट नाही. नियम दर हंगामाला हलतात, त्यामुळे सही करण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्याच.

आधी जागेबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: बदलू नका. डिफेन्समन उशिरा पिकतो. उलटं स्केटिंग करत समोरून येणाऱ्या तिघांचा अंदाज घेणं आणि पाठीमागून धडक येणार हे माहीत असताना पक (रबरी चकती) शांतपणे उचलणं अंगवळणी पडायला वर्षं लागतात. डिफेन्समन मार्क जिओर्डानो टोरंटोचा, एनएचएल या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगच्या एकाही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. ओवेन साउंडला ओएचएल खेळला, मग एएचएल (एनएचएलच्या खालची लीग), मधे २००७-०८ चा हंगाम रशियात, आणि नॉरिस ट्रॉफी (एनएचएलच्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान) मिळाली २०१९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. क्रिस टॅनेव्हही टोरंटोचाच. अंगाने लहान म्हणून किशोरवयात मागे राहिला, उंची उशिरा आली, आरआयटी या अमेरिकेतल्या कॉलेजात एक हंगाम खेळला आणि २०१० मध्ये एनएचएलच्या व्हँकुव्हरने करार केला. स्वीडनचा निकलस लिडस्ट्रॉम १९८९ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये ५३वा निवडला गेला आणि पुढे सात नॉरिस जिंकला. आरॉन एकब्लाडसारखा पंधराव्या वर्षीच विशेष परवानगीने ओएचएलमध्ये घेतलेला मुलगा हा अपवाद. त्याच्याशी तुलना करून मुलाला रडवू नका.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकी एका सामन्यात साधारण सहा डिफेन्समन. म्हणजे एका वेळी जेमतेम १९२ जागा. लोक ७,७५,००० डॉलरचा किमान पगार वाचतात (२०२६-२७ पासून ८,५०,०००), पण टू-वे करार (दोन लीगसाठी दोन वेगळे पगार) असेल तर खाली एएचएलमध्ये खेळताना हातात येणारी रक्कम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बहुतेकांची कारकीर्द एएचएल, ईसीएचएल (तिच्याही खालची लीग) आणि युरोप यांतच जाते. म्हणून चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकून राहता येईल अशी सोय आतापासून करायची. ती सोय कागदावर असते, पण आधी बर्फावरचं बोलू.

स्काउट (खेळाडू हेरणारे) या वयात डिफेन्समनचे पॉइंट्स कमी आणि पक-रिट्रीव्हल (मागे टाकलेला पक ताब्यात घेणं) जास्त बघतात. पक कोपऱ्यात टाकला गेला की तुमचा मुलगा किती वेळा मान वळवून मागे बघतो ते मोजा. किमान दोनदा हवं: एकदा वळताना, एकदा पकला हात लावायच्या अगदी आधी. दुसरी नजर बहुतेक मुलं विसरतात, मग घाईत पक बोर्डवरून (रिंकच्या कडेच्या भिंतीवरून) रिम करतात, म्हणजे जोरात घरंगळत टाकतात, आणि तो थेट समोरच्या संघाच्या विंगरकडे (कडेच्या फॉरवर्डकडे) जातो. सरावाला सोपी पद्धत आहे. कोपऱ्यात पक टाका, मागून बोटं दाखवा, पकला स्पर्श करण्याआधी त्याने आकडा ओरडून सांगायचा. रोज दहा मिनिटं पुरेत. जोडीदाराची हाक (व्हील, रिव्हर्स, ओव्हर: पक कुठे न्यायचा याचे ठरलेले शब्द) आली नाही तर त्याने ती मागायची, गप्प राहायचं नाही.

बोर्डकडे सरळ छाती करून जाऊ देऊ नका. तिरका जाऊ दे, म्हणजे शेवटच्या क्षणी स्केट बोर्डला समांतर होतात आणि धडक खांद्या-कमरेवर येते. सगळ्यात वाईट दुखापती बोर्डपासून तीन-चार फुटांवर, पाठ मैदानाकडे असताना होतात. एकतर बोर्डला चिकटून राहायचं, नाहीतर पूर्ण लांब. मधे थांबणं नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर ओंटारिओत २०१८ च्या रोवन्स लॉप्रमाणे खेळाडूला लगेच बाहेर काढावं लागतं आणि पायरी-पायरीनेच परत आणावं लागतं. ड्राफ्टच्या आधी हे लपवायचा मोह होतो. लपवू नका.

गॅपबद्दल (समोरून येणाऱ्या फॉरवर्डपासूनच्या अंतराबद्दल) एकच तपासणी सांगतो: उजवीकडे आणि डावीकडे वळून उलटं स्केटिंग सुरू करताना वेग सारखा राहतो का? बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि त्या बाजूने आलेल्या फॉरवर्डसमोर ते निळ्या रेषेपासून थेट गोलरक्षकाच्या अंगावर मागे सरकत जातात. पॉइंट्स वाढवायचेच असतील तर ते इथून वाढतात. रेषेवर लवकर उभा राहिला तर पक लवकर परत मिळतो.

सामानात दोन चुका नेहमी दिसतात. काठी कडक हवी म्हणून मोठ्यांचा फ्लेक्स (काठीच्या कडकपणाचा आकडा) घेतात. पौंडांतल्या वजनाच्या साधारण निम्मा फ्लेक्स, म्हणजे १५० पौंडाला ७५ च्या आसपास. काठी कापली की ती आणखी कडक होते, छापील आकडा खरा राहत नाही, हे दुकानदार सांगतोच असं नाही. डिफेन्समनला लांबी थोडी जास्त चालते, स्केट घातल्यावर हनुवटी ते नाक यांमध्ये. दुसरी चूक स्केटच्या धारेची. ३/८ इंचाचा खोल हॉलो (पात्याच्या तळाची खाच) पकड देतो, पण सरकणं कमी होतं आणि मांडीच्या आतला स्नायू थकतो. वजनदार मुलाला १/२ किंवा ५/८ बघायला हरकत नाही, पण हंगामाच्या मध्यात नको. शॉट अडवताना एक गुडघा खाली, ग्लोव्हचा तळवा पकपासून वळवलेला, आणि शॉट मारणाऱ्याच्या शक्य तितकं जवळ. स्केटवर बसणारे प्लास्टिकचे गार्ड लावाच. दुसऱ्या दिवशी पाय टेकवता येत नसेल तर 'मुका मार' म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा.

आता कागद. इथे आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, म्हणून लांबण लावतो.

ओएचएलचा संघ शिक्षणाचं पॅकेज देतो. ढोबळ हिशोब असा की एक हंगाम खेळलात तर एका वर्षाची फी, सक्तीचे शुल्क आणि पुस्तकं. ऐकायला भक्कम वाटतं. पण ते वापरायला मुदत असते आणि ती ज्युनिअर संपल्यावर पळायला लागते. नेमक्या त्याच काळात डिफेन्समनला अजून दोन-तीन वर्षं मायनर लीगमध्ये (एएचएल, ईसीएचएल) खेळून बघायचं असतं. एका कार्यालयाला (नाव घेत नाही) आम्ही विचारलं की मायनर लीगचा करार केला तर घड्याळ थांबतं का. उत्तर फोनवर आलं: 'काळजी करू नका, तुमचा हक्क कुठे जात नाही.' ईमेलला उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर माणूस बदललेला. नंतर कळलं की मुदत संपली आणि फोनवरच्या बोलण्याची कुठेही नोंद नाही. वीस वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न असताना दोन ओळींचं उत्तर लिहायला कोणाला वेळ नसतो, याचा राग आजही जात नाही. खेळाडू संघात असेपर्यंत त्या कार्यालयातल्या लोकांना दुसऱ्याच दिवशी फोन करता येतो, संघ सुटला की तुम्ही फक्त एक फाइल उरता.

म्हणून सही करण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. मुदत नेमक्या कोणत्या तारखेपासून मोजायची: शेवटच्या सामन्यापासून, हंगाम संपल्यापासून की संघाने सोडल्यापासून? एएचएल, ईसीएचएल, युरोप, एनएचएल यांपैकी कोणता करार केला की हक्क जातो आणि कोणता केला तर मुदत वाढते? ट्रेड झाला (संघाने मुलगा दुसऱ्या संघाला दिला) तर पैसे कोण देणार, जुना संघ की नवा? फी कोणत्या विद्यापीठाच्या दराने? अर्धवेळ शिक्षण चालतं का? प्रत्येक ट्रेडनंतर नव्या संघाकडून जबाबदारी घेतल्याचं पत्र मागा. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी 'आज आपण असं बोललो' अशी ईमेल टाका. उत्तर आलं नाही तरी ती तारखेसह तुमच्याकडे राहते.

'ओएचएल की कॉलेज' या प्रश्नावर जुने पालक अजूनही सांगतील की ओएचएलमध्ये एक सामना खेळलात तरी अमेरिकेतलं कॉलेज हॉकी संपलं. तो नियम आता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संस्थेने) निर्णय घेतला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअर (ओएचएल आणि तिच्या बरोबरीच्या लीग) खेळलेली मुलं कॉलेज हॉकीच्या वरच्या गटात, डिव्हिजन १ मध्ये, जाऊ शकतात. डिफेन्समन कीटन व्हेरहॉफ व्हिक्टोरियाच्या मेजर ज्युनिअर संघातून नॉर्थ डकोटा विद्यापीठात गेला तो याच वाटेने. मात्र एनएचएलचा करार सही केला की ती वाट बंद. म्हणजे संघाला आज 'येतो' म्हटल्याने कॉलेज हातचं जात नाही. पण अभ्यास सोडला तर जातं: नववीपासून एनसीएएने मान्य केलेले १६ कोअर विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी श्रेणी) लागतो, तोही ठरलेल्या चार वर्षांत. ट्रेडमुळे वर्षाच्या मध्यात शाळा बदलली की नवी शाळा वेळापत्रकात बसेल तो सोपा विषय देते आणि तो एनसीएएच्या यादीत नसतो. विषय निवडायच्या दिवशी यादी समोर ठेवूनच शाळेत बसा.

जाता जाता, फार पुढची गोष्ट. अमेरिकेत प्रो खेळायला लागला तर ओहिपसाठी (ओंटारिओच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी) १२ महिन्यांत १५३ दिवस ओंटारिओत असावं लागतं. ऑक्टोबर ते एप्रिल हंगाम, वर कॅम्प आणि प्लेऑफ, की दिवस कमी पडतात. परदेशी कामासाठी सवलत आहे, पण ती निघण्याआधी मागायची असते.

मुलाची उंची, वजन, आत्ताचा फ्लेक्स आणि हॉलो इथे लिहा, सामानाबद्दल नेमकं सांगतो. कराराचा मसुदा मात्र इथे टाकू नका, त्यावर नावं असतात. तो वकिलालाच दाखवा.