वाचकांचे प्रश्न : यान भव्य का वाटत नाही?

प्रश्न : तयार संच न वापरता, सनबोर्ड, पीव्हीसी पाइप आणि घरातील टाकाऊ वस्तूंपासून मी एका काल्पनिक अंतराळयानाची ६० सेंटिमीटर लांबीची प्रतिकृती करीत आहे. आवरणावर पत्र्यांच्या जोडरेषा कोरल्या, खिडक्या पाडल्या, तरी ते खेळणेच वाटते. मे महिन्यात गच्चीवर मारलेला स्प्रे रंगही खरखरीत झाला. छायाचित्र सोबत जोडले आहे.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रात लांबी आहे, पण प्रमाण कोठेही नाही, आणि दुखणे तेथेच आहे. यान काल्पनिक असले तरी ‘प्रत्यक्षात’ ते किती मीटरचे, हे आधी ठरवावे लागते. ते २१० मीटरचे मानल्यास आपले प्रमाण १:३५० होते आणि दोन मीटर उंचीचे दार जेमतेम पावणेसहा मिलिमीटर भरते. छायाचित्रात फूटपट्टीशेजारी दिसणाऱ्या खिडक्या मात्र पाच मिलिमीटरच्या, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आहेत. आणि एक मिलिमीटर रुंदीची कोरीव रेषा म्हणजे यानाच्या अंगावरची ३५ सेंटिमीटरची फट. अशा यानात बसण्यास कोणी धजावेल असे वाटत नाही! या रेषा आणि खिडक्या पुट्टीने बुजवून पॉलिश पेपरने घासाव्यात, खिडक्या एक मिलिमीटरच्या ड्रिलने नव्याने पाडाव्यात आणि जोडरेषा कोरण्याऐवजी, रंग वाळल्यावर, टोकदार पेन्सिलीने हलक्या हाताने आखाव्यात.

बारीकसारीक यंत्रभागांसाठी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या कारागिरांनी रणगाडे व विमानांच्या प्लॅस्टिक संचांचे सुटे भाग यानांवर चिकटवले होते. बंद पडलेला रेडिओ किंवा मोडकी खेळणी आपल्याला तेवढीच उपयोगी पडतील. मात्र वस्तू ओळखू येता कामा नये. आपण इंजिनाच्या जागी लावलेले बाटलीचे झाकण पाहणाऱ्याला चटकन ओळखता येते आणि त्याच क्षणी २१० मीटरचे यान दोन फुटांचे होऊन जाते. त्या झाकणाच्या कडेवरील दाते घासून टाकावेत. हे भाग सर्वत्र सारखे न पसरता एकदोन ठिकाणी दाटीने लावावेत आणि उरलेला पृष्ठभाग मोकळा सोडावा.

रंगाचे कारण नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना फवाऱ्यातील थेंब पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच अर्धवट वाळतात व भुकटीसारखे बसतात. पहाटे, सावलीत, कॅन थोडा जवळ धरून पातळ थर द्यावेत. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते : रंग पातळ ठेवणारा द्रावक (थिनर) उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओलावा त्यावर धरतो आणि लॅकरवर, म्हणजे अशा द्रावकातील स्प्रे रंगावर, पांढुरकी झाक येते. घाई नसल्यास दिवाळीनंतरची कोरडी हवा सर्वांत चांगली. तोवर यान उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये, कारण सनबोर्ड हेही पीव्हीसीच असून उष्णतेने वाकते. आत थर्माकोल भरले असेल तर त्यावर फेव्हिकॉलने कागद चिकटवल्याशिवाय स्प्रे मारू नये. द्रावकाने ते विरघळते.