पार्क विकलं तर आपल्या पाळण्याचं काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मावसबहीण अमेरिकेत पिट्सबर्गला असते, तिच्या मुलांचं लाडकं केनीवुड अॅम्युझमेंट पार्क बरीच वर्षं एका स्पॅनिश कंपनीकडे होतं म्हणे आणि आता परत विकलं गेलंय. आपल्या आजव्याकडची नि अहमदाबादची पार्कं पण उद्या फॉरेनवाले घेऊन टाकतील का? तिकीट महाग होईल, राइड्स बंद पडतील अशी भीती वाटते.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : घेऊ शकतात, कायद्याची फारशी आडकाठी नाही, या धंद्यात 100 टक्के परदेशी पैसा चालतो. पण मालक कुठल्या देशाचा यापेक्षा तो किती कर्ज काढून आला आणि किती वर्षांसाठी आला हे बघा, घाबरायचं ते त्याला.

केनीवुडचंच घ्या. 1898 साली ट्राम कंपनीने काढलेलं पार्क, सुट्टीच्या दिवशीही लोकांनी ट्राममध्ये बसावं म्हणून, मग कितीतरी दशकं घराण्यांकडे राहिलं आणि 2007 च्या शेवटी माद्रिदच्या पार्केस रेउनिदोसने विकत घेतलं. त्यांनी सगळं बिघडवलं असं मी म्हणणार नाही, 1920 चा जॅक रॅबिट हा लाकडी रोलर कोस्टर अजून धावतोय, नोआज आर्क हे आत चालत फिरायचं जुनं गमतीघर 2016 मध्ये छान दुरुस्त केलं. पण लॉग जॅमर ही लोकांची आवडती पाण्याची राइड 2017 ला काढली, 2019 ला स्टील कर्टन नावाचा मोठा कोस्टर आणला आणि तो 2024 चा अख्खा सीझन बंद होता. 2025 मध्ये हर्शेंड या अमेरिकेतल्याच एका घराण्याच्या कंपनीने पार्क घेतलं.

गोष्ट अशी की फंडवाले, म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून कंपन्या विकत घेणारे, बहुतेक वेळा उधारीवर खरेदी करतात आणि ते कर्ज पार्कच्याच डोक्यावर टाकतात, मग गेटवर येणाऱ्या पैशातून आधी व्याज जातं, नंतर उरलं तर रंगकाम, बेअरिंग, लाइफगार्ड. चार-सहा वर्षांत विकून बाहेर पडायचं असतं म्हणून जाहिरातीत दिसेल अशी नवी राइड येते, जुन्या राइडचा मेकॅनिक मात्र कमी होतो. मला याचाच राग येतो. आणि हे परदेशीच करतात असं नाही, सिक्स फ्लॅग्स ही पार्कं चालवणारी पक्की अमेरिकन कंपनी पण सुमारे 2.4 अब्ज डॉलरच्या कर्जाखाली 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे खोपोलीचं इमॅजिका पार्क 2013 ला सुरू झालं, मालक देशी, पैसा देशी, तरी कर्जाने दम निघाला आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी ते घेतलं.

आणि बडोद्याच्या माणसाला हे कुणी वेगळं सांगायला नको. हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, राजकोटच्या गेम झोनच्या आगीत त्याच वर्षी मे महिन्यात 27 जण गेले, तिथे कुठे फॉरेनचा मालक होता? म्हणून उद्या आपलं एखादं पार्क विकलं गेलं तर नव्या मालकाला आणि लायसन्स देणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा, राइडची तपासणी शेवटची कधी झाली, कुणी केली, आणि विमा चालू आहे का. उत्तर गेटवर लावलेलं नसेल तर मुलांना बसवू नका, तिकीट गेलं तर जाऊ दे.

तिकिटाचं म्हणाल तर वाढेल, देशी मालक आला तरी वाढेल, यात फार डोकं घालू नका.

प्रश्न : आम्ही घरातल्या पाच जणांचे वर्षाचे पास काढलेत. मालक बदलला तर पैसे बुडतात का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : विक्री कशी झाली त्यावर आहे. कंपनीचे शेअर विकले असतील तर कंपनी तीच राहते, तुमचा करारही तिच्याशीच, पास चाललाच पाहिजे. पण कंपनी सोडून नुसती जमीन आणि राइड्स विकल्या असतील तर जुन्या पासची जबाबदारी कुणाची हे त्यांच्या आपसातल्या करारात ठरतं, नवा मालक नाही म्हणाला तर पैसे जुन्या कंपनीकडे मागायचे. पावती, पासचा फोटो, पैसे भरल्याचा मेसेज जपून ठेवा, आधी लेखी मागणी करा, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, तरीही ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी पण लागत नाही.